सहा अडचणी, पाच सुखद गोष्टी आणि रात्री आठवल्या त्या फक्त अडचणी : असे का होते?

शब्दवेडी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. प्रश्न विचारण्याआधी परवाचा दिवस सविस्तर सांगते, कारण त्या तपशिलांशिवाय प्रश्नाला फारसा अर्थ उरणार नाही.

सकाळी गजर वाजलाच नाही. आदल्या रात्री तो लावला होता, पण वार चुकीचा निवडला गेला होता. धावतपळत थांब्यावर पोहोचले तेव्हा बसचे दार अगदी माझ्या डोळ्यांसमोर बंद झाले. पुढची बस मात्र लगेच आली आणि ती जवळजवळ रिकामी होती. कित्येक महिन्यांनी मला खिडकीजवळची जागा मिळाली. कार्यालयात लिफ्ट बंद होती, त्यामुळे पाच मजले चढावे लागले. मी मुद्रितशोधनाचे काम करते. दुपारी संगणक अचानक बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि चाळीस मिनिटांच्या दुरुस्त्या गेल्या असे वाटून माझे हातपाय गळाले, पण फाइल उघडून पाहते तो निम्म्याहून अधिक दुरुस्त्या आपोआप जतन झालेल्या होत्या. थोड्या वेळाने एका लेखकांचा फोन आला. त्यांच्या कादंबरीत बाराव्या प्रकरणात नायकाची मावशी म्हणून आलेली बाई एकोणिसाव्या प्रकरणात आत्या झाली होती आणि तीन वाचनांत ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते. मी समासात पेन्सिलीने ‘मावशी की आत्या?’ एवढेच लिहिले होते. तेवढ्या तीन शब्दांसाठी आभार मानायला ते दहा मिनिटे बोलत होते.

संध्याकाळी एक अर्ज भरायला गेले, तर मी ज्या रांगेत उभी राहिले तीच सर्वांत हळू सरकली. बाहेर पडले तर पाऊस, आणि छत्री घरी. आडोशाला उभी होते तेव्हा एका अनोळखी वृद्ध बाईंनी काही न बोलता आपली छत्री माझ्या बाजूला कलती केली आणि आम्ही दोघी थांब्यापर्यंत तशाच चालत गेलो. त्यांचा डावा खांदा पूर्ण भिजला होता, हे मला बसमध्ये बसल्यावर लक्षात आले. घरी आल्यावर ओली पिशवी रिकामी करताना फाटलेल्या अस्तराच्या आत काहीतरी टणक लागले. आठ महिन्यांपूर्वी हरवलेले माझे शाईचे पेन होते ते! टोपणावरचा ओरखडा अंगठ्याखाली येताच, बाहेर काढण्याआधीच, मी ते ओळखले. शाई आत वाळून गेली होती. निब कोमट पाण्यात धरून ठेवली, तेव्हा बऱ्याच वेळाने निळ्या रंगाचा एक बारीक धागा पाण्यात उतरला.

रात्री यजमानांनी विचारले, “कसा गेला दिवस?” मी म्हणाले, “काही विचारू नका.” मग गजर, बस, लिफ्ट, संगणक, रांग आणि पाऊस हे सगळे क्रमाने सांगितले. पेनाबद्दल, त्या बाईंबद्दल, लेखकांच्या फोनबद्दल एक अक्षर बोलले नाही. लपवायचे होते असेही नाही; बोलताना ते सुचलेच नाही. दिवा मालवल्यावर बोटांना लागलेल्या शाईचा वास आला आणि मग एकेक गोष्ट आठवू लागली.

माझा प्रश्न असा आहे. सहा अडचणी आणि पाच सुखद गोष्टी असलेल्या दिवसाचा हिशेब माझ्या मनाने सहा विरुद्ध शून्य असा का केला? एका वाईट गोष्टीची भरपाई व्हायला तीन चांगल्या गोष्टी लागतात असे मी कुठेतरी वाचले होते. ते खरे असेल तर माझ्यासारख्या माणसाचा एकही दिवस चांगला म्हणता येणार नाही. आणि रांगेच्या, बसच्या बाबतीत नेहमी माझ्याच वाट्याला हे येते, ही भावना निव्वळ भ्रम आहे का? ज्यांनी यावर विचार केला आहे त्यांनी मनमोकळेपणाने लिहावे.

पाणवठा यांचे उत्तर

आपला प्रश्न वाचून मला फार जवळचे वाटले, कारण मी बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवले आणि हा विषय वर्गात निघाला की विद्यार्थी स्वतःचेच दिवस सांगू लागत.

मोठ्या आपत्तींपेक्षा रोजच्या किरकोळ कटकटींकडे संशोधकांनी गांभीर्याने पाहायला तशी उशिराच सुरुवात केली. १९८१ मध्ये ॲलन कॅनर, रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन १०० स्त्री-पुरुषांकडून कित्येक महिने दोन याद्या भरून घेतल्या. एका यादीत वस्तू हरवणे, कामाचा ताण यांसारख्या ११७ कटकटी होत्या, तर दुसऱ्या यादीत मनाला उभारी देणाऱ्या १३५ लहान गोष्टी होत्या. त्या माणसांच्या मानसिक तक्रारींचा अंदाज आयुष्यातील मोठ्या घटनांवरून जितका बांधता आला, त्याहून चांगला तो या कटकटींवरून बांधता आला. उभारी देणाऱ्या गोष्टींचा परिणाम मात्र इतका सरळ दिसला नाही. थोडक्यात, आपला सहा विरुद्ध शून्य हा हिशेब आपल्या एकटीचा नाही. २००१ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नातेसंबंध, शिकणे, स्मरण, इतरांविषयीची मते अशा अनेक क्षेत्रांतील संशोधन एकत्र तपासले, आणि तोलामोलाच्या दोन गोष्टींपैकी वाईट गोष्ट अधिक खोल ठसते असेच चित्र त्यांना जवळजवळ सगळीकडे आढळले. धोका एकदा नजरेतून सुटला तर जिवावर बेतू शकते, पण आनंदाची संधी हुकली तर दुसरी मिळते; त्यामुळे मनाची घडण अशी झाली असावी, हे त्याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण मला पटते.

आता तीनास एक या प्रमाणाविषयी. ते कृपया मनातून काढून टाकावे. त्याचा उगम २००५ सालच्या एका शोधनिबंधात आहे. बार्बरा फ्रेडरिकसन आणि मार्सिअल लोसादा यांनी त्यात गणिती प्रतिमान मांडून २.९०१३ इतका नेमका आकडा काढला होता, आणि तो जगभर पसरला. २०१३ मध्ये निकोलस ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्या गणिताला काहीही आधार नाही हे दाखवून दिले आणि त्यानंतर निबंधातील तो गणिती भाग मागे घेण्यात आला. चांगल्या भावना अधिक असणे हितकारक आहे, याला त्यामुळे बाध येत नाही, पण अमुक इतक्या झाल्या की दिवस उत्तीर्ण, अशी कोणतीही रेषा नाही. आपण स्वतःला त्या परीक्षेत बसवून नापास करत आहात याचे मला खरोखर वाईट वाटले.

एक गोष्ट आपल्या व्यवसायाबद्दलही लिहावीशी वाटते. मुद्रितशोधक ओळ वाचतो तेव्हा निर्दोष शब्दावरून त्याची नजर घसरत जाते आणि चुकलेल्या वेलांटीवर अडते. समासात खूण होते ती चुकीची. बरोबर असलेल्या ओळीपुढे ‘छान’ असे कोणी लिहीत नाही. दिवसाचे आठ तास डोळ्यांना ही शिस्त लावल्यावर रात्री दिवसाकडे पाहतानाही तीच नजर लागत असेल, अशी मला शंका आहे.

अंकमित्र यांचे उत्तर

मी गणिताचा शिक्षक आहे, म्हणून केवळ रांग आणि बस यांविषयी लिहितो. ही भावना निव्वळ भ्रम नाही, हे मी आपल्याला खात्रीने सांगू शकतो.

आधी रांग घेऊ. समजा, शेजारी शेजारी तीन रांगा आहेत आणि तिन्ही सारख्याच वेगाने सरकण्याची शक्यता आहे. आपण निवडलेली रांग सर्वांत जलद ठरण्याची शक्यता तिनात एक आहे. म्हणजे तीनपैकी दोन वेळा बाजूची कोणती तरी रांग आपल्यापुढे जाणारच, आणि त्यात आपल्या निवडीचा काहीही दोष नसतो. त्यात भर अशी, की आपली रांग पुढे असते तेव्हा आपण बाजूला पाहतच नाही. मागे पडलो की मात्र शेजारच्या रांगेतला लाल पिशवीवाला माणूस आपल्या मागून येऊन पुढे गेला, हे नेमके दिसते.

बसचे गणित याहून रंजक आहे. समजा, एका मार्गावर बस आलटून पालटून ५ मिनिटांनी आणि १५ मिनिटांनी येते. दोन बसमधले सरासरी अंतर १० मिनिटांचे झाले, म्हणून सरासरी ५ मिनिटे थांबावे लागेल असे कोणीही म्हणेल. पण आपण वेळापत्रक न पाहता थांब्यावर जातो तेव्हा १५ मिनिटांच्या मोठ्या फटीत सापडण्याची शक्यता लहान फटीच्या तिप्पट असते, कारण ती फट घड्याळाची तिप्पट जागा व्यापते. मोठ्या फटीत सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते आणि लहान फटीत अडीच मिनिटे. चारपैकी तीन वेळा पहिले आणि एकदा दुसरे असे धरून सरासरी काढली, तर उत्तर ६.२५ मिनिटे येते. बस जितक्या अनियमित, तितका हा फरक वाढत जातो. बस उशिरा येते असे म्हणणारा प्रवासी आणि सरासरी अंतर १० मिनिटांचेच आहे असे सांगणारा नियंत्रक, दोघेही खरेच बोलत असतात.

मी हे मुलांना फळ्यावर करून दाखवतो तेव्हा दरवर्षी कोणी तरी विचारते, “सर, म्हणजे आपले नशीब खराब नसते?” आपल्या परवाच्या दिवशी तर एक बस गेली आणि पुढची लगेच आली, म्हणजे त्या सकाळी आपल्या वाट्याला लहान फट आली होती. तक्रारी सांगताना त्या फटीची नोंद राहून गेली.

रात्रपाळी यांचे उत्तर

मी परिचारिका आहे. वरची दोन्ही उत्तरे मला आवडली, पण अडचणी आधी आठवणे हा मनाचा दोषच आहे असा जो सूर लागतो आहे, त्याला मी थोडी हरकत घेणार आहे.

आमची पाळी संपते तेव्हा पुढच्या पाळीला अहवाल द्यावा लागतो. त्यात आम्ही काय सांगतो? कोणाचा ताप उतरत नाही, कोणाची सुईची जागा सुजली आहे, कोणते औषध यायचे राहिले आहे. ज्यांना रात्रभर शांत झोप लागली त्यांच्याविषयी एकच वाक्य असते. पुढे येणाऱ्या व्यक्तीला कशाकडे लक्ष द्यावे लागेल एवढेच सांगायचे असते, म्हणून अहवाल तसा असतो. आपण यजमानांना त्या रात्री बहुधा अहवालच दिला. गजराचा वार तपासायचा, छत्री पिशवीत ठेवायची, फाइल अधूनमधून जतन करायची, ही त्यातली उद्याची कामे होती, आणि मनाने ती आधी पुढे आणली यात मला गैर काही दिसत नाही. चूक एवढीच होते, की अहवाल दिल्यावर आपल्याला वाटू लागते की दिवस संपूर्ण सांगून झाला. मी स्वतः कितीतरी वर्षे घरी जाऊन असाच अहवाल देत असे, आणि घरच्यांना वाटे की माझ्या कामात दुःखाशिवाय काही नाही. वस्तुतः त्याच पाळीत कोणी तरी बारा दिवसांनी पहिल्यांदा आधाराशिवाय खिडकीपर्यंत चालत गेलेले असे.

आता मी कामाचा भाग कागदावर उतरवते आणि तिथेच ठेवते. याला संशोधनाचाही थोडा आधार आहे. २०१८ मध्ये मायकेल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्राप्रयोगशाळेत ५७ तरुणांवर प्रयोग केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली आणि निम्म्यांनी पूर्ण झालेल्या कामांची. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर लागली. प्रयोग लहान आहे, तरी माझ्या अनुभवाशी तो जुळतो. अडचण ‘उद्या हे करायचे’ अशा शब्दांत लिहिली गेली की ती रात्री पुन्हा पुन्हा दार ठोठावत नाही.

आणि त्या बाईंविषयी. भिजलेला डावा खांदा आपल्याला बसमध्ये लक्षात आला असे आपण लिहिले आहे. मला वाटते, त्यांनी घरी जाऊन तो प्रसंग कोणाला तरी सांगितला असेल. छत्री देणाऱ्याच्या दिवसातही तो प्रसंग असतोच, आणि त्या दिवसाच्या बऱ्या बाजूला आपलेही नाव लागले आहे.

मध्यलय यांचे उत्तर

थोडेच लिहितो. दिवसाच्या आठवणीत शेवटाला फार वजन असते, हा मुद्दा अजून कोणी मांडला नाही. १९९३ मध्ये डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक मिनिट हात धरून ठेवायला सांगितले. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट आणि वर आणखी अर्धा मिनिट होते, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत गरम केले. पुन्हा कोणता अनुभव घ्याल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी दुसरा, म्हणजे एकूण त्रास अधिक असलेला अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट कमी वाईट होता. दीर्घ, विस्कळीत दिवसाला हा नियम जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणणार नाही. पाण्यातला हात ही एक सलग गोष्ट आहे आणि दिवस तसा नसतो. तरीही आपला दिवस खरे तर पेनापाशी, त्या निळ्या धाग्यापाशी संपत होता. ‘कसा गेला दिवस’ या प्रश्नाला दिलेल्या उत्तराने त्याला दुसराच शेवट मिळाला.

दुसरे, रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात हा सल्ला अनेकांनी ऐकला असेल. मी तो अनेक महिने पाळला आणि शेवटी माझ्या वहीत ‘हवा बरी होती’ अशी वाक्ये उरली. नंतर मूळ प्रयोगाविषयी वाचले तेव्हा कळले की मी अर्धाच भाग करत होतो. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या त्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज तीन गोष्टी लिहिल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही लिहायचे होते. त्यांच्यातला चांगला बदल सहा महिन्यांनंतरही टिकून असल्याचे आढळले. ‘का’ लिहायला बसले की गोष्ट बारकाईने आठवावी लागते. लेखकांचा फोन का आला? कारण एकोणिसाव्या प्रकरणात आत्या दिसल्यावर आपण बाराव्या प्रकरणापर्यंत मागे जाऊन पाहिले. ही गोष्ट नशिबाने घडली नव्हती.

शब्दवेडी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पाणवठा, समासातल्या खुणांविषयी आपण लिहिले ते वाचून मी थोडा वेळ काहीच करू शकले नाही; एकोणीस वर्षांच्या कामात कोणत्याही ओळीपुढे मी चांगले काही लिहिलेले नाही, हे अगदी खरे आहे. अंकमित्र, लहान फटीचे उदाहरण मी कागदावर मांडून पाहिले आणि ६.२५ हे उत्तर स्वतः काढले.

काल रात्री मी रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे आधी गजर, छत्री आणि फाइल यांची तीन कामे एका चिठ्ठीवर लिहून टाकली. मग यजमानांना म्हटले की परवाचा दिवस तुम्हाला अर्धाच सांगितला होता, उरलेला आज सांगते. त्या वृद्ध बाईंचे ऐकताना ते मध्येच म्हणाले, “खांदा कोणता, डावा म्हणालीस?” का विचारले ते त्यांनाही सांगता आले नाही. मावशी आणि आत्याच्या घोटाळ्यावर ते खूप हसले. पेनाचे सांगितले तेव्हा मात्र ते काही न बोलता उठले आणि कपाटाच्या अगदी मागच्या कोपऱ्यातून शाईची बाटली काढून आणली. पेन हरवल्यावर मी ती टाकून द्यायला सांगितली होती. त्यांनी ती टाकली नव्हती, आणि आठ महिन्यांत मला तसे कधी सांगितलेही नव्हते. झाकण घट्ट बसले होते, ते उघडायला आम्हा दोघांचे हात लागले.